लवूकाकांचे गाल

छापखान्यातले लोक म्हणायचे, सहदेव घाडीला अक्षर नुसतं बघून त्याची प्रकृती कळते. हे ऐकून तो मान खाली घालून हसायचा आणि मनातून शंभर टक्के खरं मानायचा. एखाद्याला एखादी गोष्ट खरोखरच चांगली येत असली की त्याला चार शब्द सांगणं फार कठीण जातं. त्याच्या बायकोने, कमळने, तो नाद लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिला होता.

सतराव्या वर्षी तो अंधेरीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. वडील भिकाजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि मुलाने गिरणीत पाऊल टाकायचं नाही एवढीच त्यांची अट होती. छापखान्याच्या फोरमनला सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी त्याला शिशाची अक्षरं उलटी वाचायला शिकवलं आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली: माप नंतर बघ, आधी कान्याकडे बघ. दोन कान्यांमधली जागा डोळ्यांना सारखी वाटली की ओळ बसली. पट्टी लावणाऱ्या पोराला भाऊ चहा आणायला पिटाळायचे, म्हणजे शिक्षाच ती.

पुढे खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आला. जुळवणारे बरेचसे वॉचमन झाले, काही गावी गेले. सहदेव तिशीत होता, त्याने मेन्यूतले इंग्रजी शब्द पाढ्यांसारखे पाठ केले आणि टिकला. पण काम करायची रीत भाऊंचीच राहिली. रुंदीच्या चौकटीत कोणता आकडा आहे हे तो कधीही बघायचा नाही. माऊसने अक्षर ओढायचं, डोळे बारीक करायचे, खुर्चीत मागे टेकून बघायचं. छापखाना बंद पडला तेव्हा त्याने दहिसरला घरीच टेबल मांडलं. लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल, आणि गणपतीच्या आधी मंडळांच्या अहवालांचा ढीग. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, अकराव्या मजल्यावर घर मिळालं, तिथेही पहिलं लागलं ते टेबल, मग देव्हारा.

त्याला साठ पूर्ण झाली त्या दिवशी निधीने मॉनिटर आणला. निधी त्याची एकुलती एक मुलगी, मालाडच्या एका कंपनीत कामाला. जुना सतरा इंची मॉनिटर चौदा वर्षांचा झाला होता आणि सुरू होताना खोकल्यासारखा आवाज करायचा. नवा आला तो लिफ्टमध्ये तिरका करून आणावा लागला. चौतीस इंच, आडवाच्या आडवा. टेबलावर ठेवायला जागा होईना म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात नेलं.

"ह्या काय हाडलंस गो?" कमळ म्हणाली. "सगळ्या टॉवराक सिनेमा दाखवतलंस काय?"

"मम्मी, पप्पांना दोन पानं शेजारी शेजारी दिसतील आता. सारखं वरखाली करायला नको," निधी म्हणाली.

तिला ऑफिसला जायचं होतं. सेट-टॉप बॉक्सची एक जुनी वायर पडलेली होती, ती तिने कॉम्प्युटरला जोडली. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळला. भरला, म्हणजे लागला, असं सगळ्यांनीच धरलं. निधीने वडिलांना वाकून नमस्कार केला आणि ती धावत खाली गेली. सहदेव त्या पडद्यापुढे बराच वेळ नुसता बसून राहिला. पोरीने आपल्या साठीला आपल्या कामाची वस्तू आणली, शाल नाही आणली, याचं त्याला फार बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात तळेकोंड ग्रामस्थ मंडळाचं काम आलं. तळेकोंड हे त्याचंच गाव. मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होत होती आणि मुंबईकरांची स्मरणिका निघणार होती. शंभर पानं. त्यात सगळ्यात नाजूक पानं श्रद्धांजलीची. गिरणीत, बंदरात, बेस्टमध्ये आयुष्य काढून गेलेल्या बेचाळीस माणसांचे फोटो, खाली नाव आणि वाडी. स्मरणिकेतली जाहिरात चुकली तर माणसं हसून सोडून देतात, पण या पानावर कुणाच्या बापाचं आडनाव चुकलं तर तीन पिढ्या बोलणं टाकतात. म्हणूनच समितीने एकमताने सहदेवचं नाव घेतलं होतं.

पहिलं पान उघडलं आणि सहदेवच्या कपाळाला आठी पडली. अक्षरं जाडी दिसत होती. ठ चं पोट सुटलं होतं, ळ आडवा लोळत होता, काने एकमेकांपासून फटकून उभे होते. त्याने मनात मंडळाचा चिटणीस नितेश याला चार शिव्या दिल्या. हल्लीची पोरं फोनवर टाईप करतात, कुठल्या कुठे पाठवतात, आणि मग फाईल अशी सुजून येते. त्याने अक्षरांची रुंदी हाताने आत ओढली. थोडी, अजून थोडी. ठ चं पोट आत गेलं तेव्हा तो मागे टेकला. मग फोटो. तेही सगळे फुगलेले. नितेशने स्कॅन करताना ओढलेत, दुसरं काय. सहदेवने एकेक फोटो बाजूने धरून आत दाबला आणि चेहरा माणसासारखा दिसला की सोडला. बेचाळीसच्या बेचाळीस.

काम करताना एकदा त्याच्या मनात आलं, की दोष फाईलचा नसेल तर? डोळ्यांचा असेल तर? साखर बारा वर्षांपासून होती. बोरिवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दर सहा महिन्यांनी या म्हणून बजावलं होतं, तो एकदा जाऊन आला होता आणि मग हंगाम, मग दुसरा हंगाम. हा विचार आला तसा त्याने तो परतवून लावला. समोरचा जिना दिसतो, पेपर वाचता येतो, भातातला खडा दिसतो. डोळ्यांना काय झालंय. त्याने फाईल तयार करून नितेशला पाठवून दिली. पूर्वी तो आधी कागदावर छापून बघायचा, पण त्याचा प्रिंटर गेल्या वर्षी बिघडला तो बिघडलाच, आणि आता सगळेच लोक नुसती फाईल मागतात.

रविवारी सकाळी बोरिवलीच्या एका शाळेच्या वर्गात मंडळाची सभा होती. नितेशने दोन प्रती छापून आणल्या होत्या आणि त्या बाकांवरून फिरत होत्या. सहदेव मागच्या बाकावर बसला होता, कौतुकाच्या तयारीत. प्रत फिरत फिरत वनमालाकाकींकडे गेली. त्यांचे यजमान लवूकाका, गिरणीतले भिकाजींचे सोबती, चार वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्याने गेले होते. काकींनी चष्मा वर केला, पान जवळ आणलं, लांब नेलं. मग त्या उठून सहदेवच्या बाकापाशी आल्या.

"सहदेवा, ह्यो कोण रे?"

"लवूकाका ते, काकी. नाव हा मा खाली."

"नाव हा," त्या म्हणाल्या. "पण माजो घोव असो नव्हतो रे. ह्यो शेवटच्या म्हयन्यातलो दिसता. मी दिलंय तो फोटो असो नव्हतो. तेचे गाल तू बघलेलस मा?"

त्या रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सहदेवने पान हातात घेतलं. लवूकाकांचे गाल बसले होते, मान बारीक झाली होती, कपाळ अरुंद. हॉस्पिटलच्या खाटेवर त्याने शेवटचं बघितलं होतं तसेच ते दिसत होते. त्याने शेजारचा फोटो बघितला, त्याच्या खालचा बघितला. बेचाळीस माणसं एकाच दुखण्याने झिजून मेल्यासारखी रांगेत उभी होती. अक्षरंही तशीच, काने एकमेकांना चिकटलेले. मंडळाचं गोल बोधचिन्ह उभ्या अंड्यासारखं झालं होतं. कागदावर हे सगळं इतकं उघड होतं की शिकाऊ पोरानेही ओळखलं असतं.

सभा संपल्यावर नितेशने त्याला बाजूला घेतलं.

"काका, राग मानू नका. पण वाट लागलीय ना सगळ्याची. डोळ्यांचा त्रास होत असेल तर सांगा ना सरळ. मालाडला माझा मित्र आहे, डिझायनर. फाईल द्या, तो बसवेल. तुमचं नाव आपण ठेवूच आत."

"आठ दिवस दे मला," सहदेव म्हणाला.

"रविवारपर्यंत. त्याच्यापुढे प्रेस नाही थांबणार."

घरी येऊन तो न जेवता टेबलाशी बसला. कमळने दोनदा हाक मारली. त्याने फाईल उघडली. सकाळी कागदावर जे लवूकाका झिजलेले होते ते पडद्यावर चांगले धडधाकट, होते तसे दिसत होते. म्हणजे कागद एक सांगत होता आणि त्याचे डोळे दुसरं. त्याने कोरं पान घेतलं आणि कंट्रोलचं बटण दाबून धरून एक गोल काढला. ते बटण दाबलं की कॉम्प्युटर गोल काढतो तो गोलच, त्यात माणसाची लबाडी चालत नाही. पडद्यावर आडवं अंडं उमटलं.

त्याने दुसरा गोल काढला, तेही अंडं. चौरस काढला तर तो विटेसारखा झाला. मशीन चुकत नाही हे तो गेली तीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. मग चुकतंय ते कोण, हे विचारायची गरज नव्हती. सहदेव घाबरला. खरोखरच घाबरला.

त्याला वडिलांची शेवटची दोन वर्षं आठवली. भिकाजींनाही साखर होती. आयुष्यभर साच्यावर तुटलेला धागा लांबून हेरणारा माणूस, आणि शेवटी भर दुपारी खाटेवर बसून विचारायचा, "दिवो लावूक नाय अजून?" आई बटण दाबायची, त्यांना तो आवाज तरी ऐकू यावा म्हणून. सहदेव तेव्हा छापखान्यातून आला की त्यांना पेपर वाचून दाखवायचा. आता आपल्याला कोण वाचून दाखवणार, आणि काय, असं त्याच्या मनात आलं. डोळे गेले तर त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. त्याला स्वयंपाक येत नव्हता, गाणं येत नव्हतं, मित्र सगळे छापखान्यातले आणि ते पांगलेले. त्याला फक्त बघता येत होतं.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. आता यावर कुणी म्हणेल, अरे बाबा, घरात शिकलेली मुलगी आहे, बोल की. पण निधीने आणलेल्या मॉनिटरवर पहिलंच काम बिघडलं हे तिला कसं सांगायचं? आणि डोळ्यांचं सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्याला डॉक्टरकडे नेणार, आणि डॉक्टरीणबाई एका वाक्यात सगळं संपवून टाकणार. न सांगितलेलं दुखणं अजून आपल्या मुठीत असतं, असं त्याला वाटत होतं. असं वाटणारा तो काही पहिला माणूस नव्हे.

सोमवारपासून त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने आकड्यांकडे बघायला सुरुवात केली. रुंदीच्या चौकटीत त्याच्याच हाताने बसलेला पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर असा आकडा सापडायचा, तो पुसून तिथे शंभर लिहायचा. शंभर लिहिलं की डोळ्यांसमोर अक्षर सुजायचं, आणि त्याला ते तसंच सोडावं लागायचं. हात शिवशिवायचा. चूक दिसतेय आणि हात लावायचा नाही, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. एकेक फोटो त्याने मूळ मापावर आणला. बेचाळीस माणसं पुन्हा फुगली. त्यांच्याकडे न बघता तो फक्त आकडा बघायचा आणि पुढे जायचा. भाऊ असते तर त्याला चहा आणायला पाठवलं असतं.

कमळला काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. "तुमका काय झाला?" तिने एकदा विचारलं. "काम जास्त हा," तो म्हणाला. जेवताना तो माशातले काटे बोटांनी चाचपून काढायला लागला होता, डोळे मिटून, किती जमतं ते बघायला. कमळने ते बघितलं आणि त्या दिवसापासून तिने त्याच्या ताटात काटेवाला मासा वाढला नाही. रस्त्यात रिक्षांचे नंबर तो मोठ्याने वाचायचा आणि बरोबर आला की जरा वेळ बरं वाटायचं. एका वेळी एक डोळा झाकून बघावं, असंही त्याच्या मनात आलं. पण त्याची हिंमत झाली नाही. दोघांपैकी कोणता गेला हे त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी निधीला सुट्टी होती. सकाळी नाहून, केसांना टॉवेल गुंडाळून, हातात पोह्यांची बशी घेऊन ती त्याच्या खुर्चीमागून बाल्कनीकडे निघाली होती. पडद्यावर श्रद्धांजलीचं दुसरं पान होतं. ती थांबली.

"पप्पा, लवूआजोबा एवढे जाडे होते?"

सहदेवने माऊस सोडला.

"काय म्हणालीस?"

"नाही, म्हणजे, गाल बघा ना. मला ते एवढे नाही आठवत."

"तुला जाडे दिसतात?"

"जाडेच आहेत ना ते. सगळेच जाडे आहेत इथे."

"नीट बघ निधी. जवळ ये, चष्मा लाव. तुला खरंच जाडे दिसतात?"

तिने बशी टेबलावर ठेवली आणि वडिलांकडे बघितलं. तो उभा राहिला होता. गेल्या आठ दिवसांत जे कमळला सांगितलं नव्हतं ते त्याने तिथे उभ्या उभ्या सांगून टाकलं. अंडं, वीट, वनमालाकाकी, भिकाजी, सगळं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. निधी ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

"पप्पा, तो गोल काढा बघू," ती म्हणाली.

त्याने काढला. तिने त्यावर बोटं ठेवून आडवं माप घेतलं, मग तीच बोटं उभी धरली. कपाळावर हात मारून घेतला.

"हे मॉनिटरचं आहे. तुमच्या डोळ्यांचं नाही, माझं आहे. मी नीट लावलाच नाही तो. आणि तुम्ही आठ दिवस गप्प बसलात? मला एका शब्दाने विचारायचं ना."

सहदेव खाली बसला. त्याला रडू येईल असं वाटलं, ते त्याने पोह्यांवर निभावलं.

मग दोन तास घरात दुसरं काहीच झालं नाही. निधीने स्टुलावर चढून माळ्यावरच्या खोक्यावर छापलेला आकडा फोनमध्ये टिपला: आडवे तीन हजार चारशे चाळीस ठिपके, उभे चौदाशे चाळीस. कॉम्प्युटरच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा होता एकोणीसशे वीस आणि एक हजार ऐंशी. "म्हणजे हा साध्या टीव्हीएवढंच चित्र पाठवतोय," ती म्हणाली, "आणि मॉनिटर ते ओढून ताणून आपल्या रुंदीला भरतोय. लहान उशीला मोठा अभ्रा नसतो का, त्याचं उलटं." कमळ नवऱ्याला म्हणाली, हे आधीच सांगितलं असतंत तर मीच ओळखलं असतं. कुणी हसलं नाही, पण घरातली हवा जरा सैल झाली.

निधीने आधी चित्र दाखवणारा प्रोग्रॅम नवा करून घेतला. तो उतरला, कॉम्प्युटर बंद होऊन सुरू झाला, मधे दीड मिनिट पडदा काळा राहिला आणि सहदेवने देव्हाऱ्याकडे बघून घेतलं. यादी तीच. मग तिने मॉनिटरच्या खालची बटणं दाबून ताणणं बंद केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधे चित्र आखडलं. आणि तिथे, त्या आखडलेल्या, जरा धूसर चित्रात, सहदेवला गोल दिसला. गोल, गरगरीत. ठ चं पोट आत गेलं होतं.

"असू दे," तो घाईघाईने म्हणाला. "बस झालं. असाच ठेव."

"असाच काय? एवढा मोठा घेतला तो काळे पट्टे बघायला?" निधीला आता चेव चढला होता. तिने माळ्यावरून खोकं खाली काढायला लावलं. थर्माकोलच्या खाचेत, पिशवीही न फोडलेली, एक जाड वायर होती. तिचं टोक एका कोपऱ्यात छाटलेलं होतं. पहिल्या दिवशीच्या घाईत ती कुणाला दिसलीच नव्हती. निधी केसांचा टॉवेल सोडून टेबलाखाली शिरली, फोनचा उजेड पाडला, कॉम्प्युटरच्या पाठीवरची धूळ फुंकली आणि शिंकत म्हणाली की याला लावायला इथे जागा आहे, प्लॅस्टिकचं बूच पण तसंच आहे. जुनी वायर निघाली, नवी बसली. पडदा गेला आणि आला. यादी उघडली तर तिच्या डोक्यावर तो खोक्यावरचा आकडा उभा होता. तिने वडिलांना माऊस दिला.

"तुम्ही दाबा."

त्याने दाबलं. अक्षरं आधी अगदी बारीक झाली, मुंग्यांएवढी, मग निधीने त्यांचा आकार थोडा वाढवला. आणि सगळं जागच्या जागी आलं. शेजारी शेजारी दोन पानं, काने उभे सरळ, ळ आपल्या पायांवर. लवूकाका होते तसे होते, गोल गालांचे, गणपतीत मृदंग वाजवताना गाल आणखी फुगायचे तसे. गेल्या आठ दिवसांत आकडे बघून, डोळे मिटून केल्यासारखं जे काम त्याने केलं होतं ते सगळं बरोबर होतं. एकाही पानाला हात लावायला नको होता. सहदेवने नितेशला फोन लावला आणि उद्याची फाईल आजच देतो म्हणून सांगितलं. "झकास काका," नितेश म्हणाला, आणि डिझायनरचं नाव त्याने काढलं नाही.

कमळने चहा टाकला. निधी हात धुवायला गेली. सहदेव एकटा पडद्यापुढे बसून राहिला, पोट भरलेल्या माणसासारखा. शेवटच्या पानांवर सभासदांची यादी होती, नाव, वाडी, उपनगर, अशा उभ्याआडव्या रेघांच्या तक्त्यात. तो ती उगाचच वरखाली करत होता. आता भीती राहिली नव्हती. मग आठ दिवस जे करायची हिंमत झाली नव्हती ते त्याने सहज, गंमत म्हणून केलं. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. रेघा सरळ, नावं स्वच्छ. हात बदलला आणि डावा झाकला.

उभी रेघ मधे वाकली होती. फार नाही. ओल्या कागदाला पोक येतं तेवढीच. त्याने हात काढला, रेघ सरळ झाली. पुन्हा झाकला, पुन्हा वाकली. त्याने बनियनच्या टोकाने पडदा पुसला. त्याने नजर खालच्या नावावर नेली, तर पोक तिथे आलं. वरच्या नावावर नेली, तर तिथे. वाक नजरेबरोबर सरकत होता. त्याने खिडकीच्या गजांकडे बघितलं. गजही वाकले.

स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता, आणि कमळ काहीतरी सांगत होती त्यावर निधी हसत होती. घरात असं हसू आठ दिवसांत पहिल्यांदाच ऐकू येत होतं. सहदेवला उत्तर तयार सापडलं होतं. मॉनिटरनेच एकदा फसवलंय, अजून थोडं काहीतरी राहिलं असेल, निधीला परत एकदा वायर बघायला लावू, पुढच्या शनिवारी. घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसला असता, त्याचाही बसला असता. त्याने आणखी एकदा डावा डोळा झाकून बघितलं, नीट, भाऊंनी शिकवल्यासारखं, घाई न करता.

"निधी, जरा इकडे ये."

ती हात पुसत आली. "काय झालं? परत बिघडलं?"

"ही रेघ कशी दिसते तुला?"

ती वाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "सरळ आहे की."

"मघाशी फोटो जाडे दिसत होते ते आपल्या दोघांना दिसत होते," सहदेव म्हणाला. त्याचा तळहात अजून डाव्या डोळ्यावर होता. "ही फक्त मला वाकडी दिसते. बोरिवलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव."